‘ताइ’ म्हणजे ताई नव्हे : असमिया सर्वनामे शिकताना

जोरहाटला बदली झाल्याचा आदेश हाती पडला, तेव्हा माझ्याजवळ असमिया भाषेची तयारी म्हणावी अशी फारशी नव्हती. लिपी अडखळत वाचता येत होती आणि सर्वनामांचा एक तक्ता पाठ होता. बँकेच्या शाखेत काउंटरवर बसायचे, समोर दिवसभर माणसे येणार, तेव्हा ‘मी, तू, तो, ती’ एवढे पक्के असले की बाकीचे ओघाने येईल, असा माझा हिशेब होता. तो हिशेब पहिल्याच नोव्हेंबरात चुकला आणि ज्या चुकीने चुकला, ती मराठी माणसाच्या हातून हमखास होणारी आहे. आसामात नोकरीला, शिक्षणाला किंवा संशोधनाला जाणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे, ते मुख्यतः त्या एका चुकीसाठी.

तक्ता बहुतेकांच्या हाती असतोच, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. मी म्हणजे मइ, आम्ही म्हणजे आमि. समोरच्या माणसासाठी तीन पायऱ्या : अगदी जवळच्याला किंवा लहानाला तइ, बरोबरीच्याला तुमि, आदराने आपुनि. तिसऱ्या पुरुषात सि, ताइ, तेओँ आणि तेखेत. इथे मी असमिया शब्द मूळ लेखनाप्रमाणे देवनागरीत उतरवले आहेत, उच्चार मात्र कानाने शिकावे लागतात. मइ हे ‘मोइ’सारखे ऐकू येते, च आणि छ हे दोन्ही ‘स’च्या जवळ जातात आणि ‘सि’मधला स घशातून येतो, ख आणि ह यांच्या मधला. हा उच्चार पहिल्या महिन्यात जमला नाही तरी कोणी मनाला लावून घेत नाही. सर्वनाम चुकले तर घेतात.

नोव्हेंबर हा निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यांचा महिना. त्या सकाळी सत्तरी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका माझ्या काउंटरशी आल्या. पांढरी मेखेला-चादर (असमिया स्त्रियांचा पारंपरिक पोशाख), हातात कापडी पिशवी आणि पिशवीत प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेली कागदपत्रे. मी त्यांना ‘आपुनि बहक’ म्हटले, म्हणजे समोरासमोरचा आदर बरोबर पाळला. मग शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे वळून, त्यांच्याकडे हात करून, मी म्हणालो, ‘ताइ कागज आनिछे.’ यांनी कागद आणले आहेत, एवढेच मला सांगायचे होते. सहकाऱ्याचे लिहिणे थांबले. तो जागेवरून उठला आणि अगदी सहज बोलावे तसे म्हणाला, ‘हय, बाइदेवे आनिछे.’ होय, बाईंनी आणले आहेत. बाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी सही केली, कागद पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले आणि माझ्याकडे न पाहता निघून गेल्या.

काय झाले ते मला दुपारच्या चहाच्या वेळी कळले. ताइ म्हणजे ‘ती’ हे खरे आहे, पण ही ‘ती’ धाकट्या बहिणीसाठी, वर्गमैत्रिणीसाठी, शेजारच्या लहान मुलीसाठी वापरायची. आईच्या वयाच्या, चाळीस वर्षे शाळेत शिकवलेल्या बाईंना त्यांच्या तोंडावर ताइ म्हणणे म्हणजे आपल्याकडे एखाद्या आजींच्या देखत ‘ही आलीय, हिचं काय ते बघ’ असे म्हणण्यासारखे आहे. त्या क्षणी मला त्यात काहीच वावगे वाटले नव्हते, उलट बरे वाटले होते, कारण माझ्या कानात घरची ‘ताई’ होती. माझ्या मोठ्या बहिणीला आम्ही सगळे ताई म्हणतो. मराठीत ताई म्हटले की मान आणि माया दोन्ही आपोआप येतात. असमियातल्या ताइचा त्या शब्दाशी काहीही संबंध नाही, हे मेंदूला माहीत होते, पण जिभेला माहीत नव्हते.

तथापि दोष केवळ या साम्याचा असता, तर एकदा ठेच लागल्यावर मी सावध झालो असतो. तसे झाले नाही. पुढच्या दोन महिन्यांत मी ही चूक आणखी तीनदा केली, आणि त्यामागचे खरे कारण खोलवर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मराठीत तिसऱ्या पुरुषातला आदर आपण अनेकवचनाने दाखवतो आणि लिंग तरीही कायम राहते : ते आले, त्या आल्या. असमियात तसे नाही. लिंगभेद फक्त खालच्या पायरीवर आहे, तो म्हणजे सि आणि ती म्हणजे ताइ. आदराच्या पायरीवर चढलात की तेओँ, आणि त्याहून वर तेखेत. हे दोन्ही शब्द पुरुषाला आणि स्त्रीला सारखेच लागतात. मराठी माणसाला मात्र बोलताना स्त्रीचे स्त्रीपण शब्दात आणल्याशिवाय चैन पडत नाही. ‘त्या’ला प्रतिशब्द शोधत मन तक्त्यावरून धावते, तेओँपाशी लिंग दिसत नाही म्हणून पुढे जाते आणि स्त्रीलिंगी म्हणून जे एकमेव रूप सापडते, त्या ताइवर येऊन थांबते. आपण अचूक बोलायला जातो आणि नेमके त्याच धडपडीत समोरच्याचा मान काढून घेतो.

त्यातून क्रियापद काही मदत करत नाही. सि आहिछे, ताइ आहिछे, तेओँ आहिछे, तेखेत आहिछे : चारही ठिकाणी क्रियापद तेच. मराठीत सर्वनाम गाळले तरी ‘आल्या आहेत’ या क्रियापदात आदर शिल्लक राहतो. असमियात तिसऱ्या पुरुषातला आदराचा सगळा भार सर्वनामावर किंवा नात्याच्या शब्दावर असतो. तो एक शब्द चुकला की वाक्यात आदर दाखवणारे दुसरे काही उरत नाही.

माझा सल्ला कठोर वाटेल, पण तो अनुभवाने दिलेला आहे : पहिले सहा महिने ताइ हा शब्द तोंडातून काढूच नका. ऐका, वाचा, समजून घ्या, पण बोलू नका. तेओँ वापरा. एखाद्या लहान मुलीला तेओँ म्हणालात तर लोक थोडे हसतील आणि विषय तिथेच संपेल. स्त्रीचा उल्लेख स्पष्टच करायचा असेल तर ‘सेइगराकी महिला’ म्हणा, कारण गराकी हा आदराने व्यक्ती मोजण्याचा प्रत्यय आहे. सर्वांत उत्तम म्हणजे सर्वनामच टाळा आणि नाते किंवा हुद्दा पुन्हा उच्चारा. माझ्या सहकाऱ्याने तेच केले होते. असमिया माणूस स्वतःही वडीलधाऱ्यांबद्दल बोलताना बाइदेउ (ताई, बाई), दादा, खुरा (काका), आइता (आजी) असे शब्द पुन्हा पुन्हा वापरतो, त्यामुळे तुमचे बोलणे तुटक वाटणार नाही.

याच सवयीतून उलट्या दिशेची चूकही होते. आदर म्हणजे अनेकवचन, हे आपल्या हाडीमाशी खिळलेले असल्यामुळे एका साहेबांबद्दल बोलताना आपण तेओँलोक म्हणतो. एकदा विभागीय कार्यालयातून एक अधिकारी आले होते आणि मी आत जाऊन सांगितले की तेओँलोक आहिछे. लगेच प्रश्न आला, ‘केइजन?’ किती जण? असमियात लोक, सकल आणि हँत हे प्रत्यय खरोखरचे अनेकवचन दाखवतात. एका माणसाला, तो कितीही मोठा असला तरी, तेओँ किंवा तेखेतच म्हणायचे. यात अपमान नसतो, फक्त गोंधळ होतो.

समोरच्या माणसाशी बोलतानाचा धोका ‘तुमि’मध्ये आहे. तुमि ऐकले की आपल्याला तुम्ही आठवते. त्याहून फसवे आहे ते आज्ञार्थाचे रूप. तुमि बहा, तुमि करा, तुमि दिया : ही रूपे आपल्या ‘बसा, करा, द्या’शी इतकी जुळतात, की ती उच्चारताना आपण नम्रपणे बोलतो आहोत अशी खात्री वाटते. असमियात हे बरोबरीच्या नात्यातले बोलणे आहे. वडीलधाऱ्यांना बहक, करक, दियक म्हणायचे. आणि ‘तुम्ही कुठे राहता’ हे आदराने विचारताना ‘आपुनि क’त थाके’ असे, म्हणजे तिसऱ्या पुरुषाचे क्रियापद लावून विचारायचे. सुरुवातीला ते थाके कानाला ‘तो राहतो’सारखे लागते, पण ते बरोबर आहे, तिथे बिचकू नका.

‘मराठी येते ना, मग असमिया पंधरा दिवसांत येईल’ असे सांगणारे भेटतील. त्यांचे ऐकू नका. दोन्ही आर्य भाषा आहेत, पुष्कळ रूपे कानाला ओळखीची वाटतात, हे सगळे मान्य, पण जवळच्या भाषेतच पाय अधिक घसरतो, कारण आपण खाली पाहून चालत नाही. मला पहिला तक्ता ज्याने दिला, त्याने ताइपुढे फक्त ‘ती’ असे लिहिले होते. कोणाबद्दल, कोणासमोर, हे त्याने सांगितले नाही आणि तेवढ्यासाठी मला अजूनही त्याचा राग आहे. नात्यांची चौकट न सांगता सर्वनामे शिकवणारा शिक्षक विद्यार्थ्याला अर्ध्या वाटेवर सोडतो. फोनवरच्या शिकवण्यांतही मला हीच उणीव दिसली.

शिक्षक कोणाला करावे याबद्दलही माझे मत पक्के आहे. कार्यालयातले सभ्य सहकारी चूक दाखवत नाहीत. पाहुण्याला ओशाळवाणे करायचे नाही हा त्यांचा संस्कार, आणि तुम्ही अडखळलात की ते दयेने हिंदीवर येतात. त्यांना हात जोडून सांगा की हिंदी बोलू नका. मी खरे शिकलो ते घरमालकांच्या नऊ वर्षांच्या नातीकडून. ती माझे वाक्य मध्येच तोडत असे आणि ‘आइताक ताइ नकय’, आजीला ताइ म्हणत नाहीत, असे ठामपणे बजावत असे. तिच्याच बोलण्यातून मला आणखी एक गोष्ट उमगली, ती म्हणजे नात्यांच्या शब्दांनाही पुरुषाप्रमाणे प्रत्यय लागतात : माझी आई मोर मा, तुझी आई तोर मार, तुमिवाल्याची आई तोमार मारा आणि त्याची आई तार माक. हे तक्त्याने येत नाही, रोज ऐकून येते.

बाकीच्या अडचणी लहान आहेत. आम्ही आणि आपण हा आपला भेद असमियात नाही, दोन्हींना आमि. ‘आपण चहा घेऊ’ म्हणताना आपुनि तोंडात येऊ देऊ नका, ‘आमि चाह खाम’ म्हणा. ‘मला चहा हवा’ हे ‘मोक चाह लागे’, अगदी आपल्यासारखे, पण ‘मला भूक लागली’ याला ‘मोर भोक लागिछे’, म्हणजे तिथे ‘मला’ऐवजी ‘माझी’. भूतकाळात क्रियापद कर्त्याचेच राहते : मइ भात खालोँ, तुमि भात खाला. भाताचे लिंग पाहायचे नाही, हा दिलासाच आहे.

जोरहाट-शिवसागरकडची बोली प्रमाण भाषेला जवळची असल्यामुळे माझे काम सोपे झाले. नलबारी किंवा गोवालपाऱ्याकडे नेमणूक झाली तर रूपे आणि उच्चार वेगळे ऐकू येतील, तेव्हा पुस्तकाशी ताडून पाहत घाबरू नका, तिथल्या माणसांचे ऐका. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठी आणि असमिया या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा जाहीर झाला. त्या संध्याकाळी शाखेत मी मिठाई वाटली, तेव्हा सर्वनामांच्या चुका काढायला कोणाला सवड नव्हती. चुका होतील. माझ्या झाल्या आणि माणसांनी मला सांभाळून घेतले.

त्या शिक्षिकाबाई पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा आल्या. मी उभा राहिलो आणि सहकाऱ्याला म्हणालो, ‘तेखेत आहिछे.’ त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले. इथे नवख्या माणसाने एक लक्षात ठेवावे : वडीलधारे माणूस आपल्याला आपुनिवरून तुमिवर आणते, तेव्हा ती माया असते, अवहेलना नव्हे, आणि आपण मात्र आपुनि सोडायचे नसते. सही करून झाल्यावर बाईंनी चष्मा काढला आणि विचारले, ‘तुमि भात खाला ने?’ मी म्हणालो, ‘खालोँ, बाइदेउ. आपुनि खाले ने?’