पडद्यावरच्या धुराचे भोवरे टिकवताना

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळासाठी हात फिरवला की वळणारा धूर पडद्यावर करत होतो. जुन्या ग्राफिक्स कार्डावर तो अडखळायचा, भोवरे लगेच विरायचे. धूर-पाण्याचं वाहणं संगणकावर दाखवायची संशोधक योस स्टाम यांची १९९९ची पद्धत वापरली; ती वेळेच्या कितीही मोठ्या पावलाने चालवा, कोलमडत नाही. हा गुण अमूल्य. पण पडदा चौकटींच्या जाळीत (ग्रिडमध्ये) वाटून दर फ्रेमला ती शेजारच्या चार चौकटींची सरासरी घेते, त्यात बारीक वळणं पुसली जातात. म्हणून २००१मध्ये संगणकी धुरासाठी वापरलेली व्हॉर्टिसिटी कन्फाइनमेंट, म्हणजे विरणाऱ्या भोवऱ्यांना पुन्हा जोर देणारी युक्ती, घातली, तीही बेतानं; जोर वाढला की धूर उकळल्यासारखा दिसतो. अडखळणं होतं धुरातला दाब काढायच्या गणितात. जाकोबीच्या फेऱ्या, म्हणजे उत्तर थोडं थोडं सुधारत नेणारी आकडेमोड, शून्याऐवजी मागच्या फ्रेमच्या दाबापासून सुरू केल्या, ६०ऐवजी २० फेऱ्या पुरल्या. ग्रिडचा आकार बदलला, तर मात्र जुना दाब आधी पुसा.