डोपिंगमध्ये सापडलेल्या सायकलपटूला दुसरी संधी द्यायची का, हे ठरवायचं कसं

जुलै आला की टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत सुरू होते आणि तिच्याबरोबर तोच जुना वाद, ज्याने एकदा ईपीओ हे बंदी असलेलं औषध घेतलं त्याला परत रेसमध्ये घ्यायचंच कशाला. एक बाजू म्हणते जन्मभर हाकलून द्या, दुसरी म्हणते तेव्हा सगळेच घेत होते, आता विषय सोडा. मला दोन्ही पटत नाही, कारण दोघंही त्या माणसाची केस उघडून बघत नाहीत. ती कशी बघायची ते सांगतो.

सगळ्यात आधी साल बघा. ईपीओने रक्तातल्या लाल पेशी वाढतात, स्नायूंना ऑक्सिजन जास्त मिळतो आणि घाटात माणूस लवकर दमत नाही. नव्वदच्या दशकात त्याची टेस्टच नव्हती. १९९७ पासून फक्त हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के आहेत ते, मोजायला लागले, ५० टक्क्यांच्या वर गेला तर घरी, म्हणजे ४९ पर्यंत रान मोकळं. १९९८ च्या टूरच्या तोंडावर फेस्टिना टीमची औषधांनी भरलेली गाडी फ्रान्स-बेल्जियम बॉर्डरवर पकडली तेव्हा सगळ्यांना कळलं की हे एकट्यादुकट्या रायडरचं काम नाही, टीमच चालवते सगळं. अशा टीममध्ये आलेला बावीस वर्षांचा पोरगा आणि २००८ मध्ये बायोलॉजिकल पासपोर्ट, म्हणजे रायडरच्या रक्ताच्या नोंदी सतत ठेवून डोपिंग पकडायची पद्धत, आल्यावरही तेच करणारा माणूस, या दोघांना एकाच मापाने मोजू नका.

पण म्हणून "सगळेच घेत होते" हे मान्य करून टाकायचं असं अजिबात नाही, कारण सगळे घेत नव्हते. क्रिस्तोफ बासों त्याच फेस्टिनात होता आणि त्याने घेतलं नाही. १९९९ च्या टूरमध्ये तो पेपरात डोपिंगबद्दल उघड लिहित होता तर पुढे सात टूर नावावर लावणाऱ्या लान्स आर्मस्ट्राँगने चालू रेसमध्ये त्याला गाठून सांगितलं की घरी जा. पेलोटनमध्ये, म्हणजे रायडर्सच्या मुख्य घोळक्यात, कोणी त्याच्याशी बोलेना, काही दिवसांत त्याने टूर सोडली आणि २००१ मध्ये करिअरही संपलं. कुठल्याही डोपरला माफ करायच्या आधी बासोंचं नाव आठवा, कारण घेणाऱ्याने चोरलेली जागा अशाच कोणाची तरी असते.

मग खरं बाहेर कसं आलं आणि किती आलं ते बघा. इथे लोक एक गोष्ट जास्तच ताणतात, की स्वतःहून बोलला तरच खरा. असं धरलं तर जवळजवळ कोणीच उरत नाही. ब्रिटिश रायडर डेव्हिड मिलरची एकही टेस्ट पॉझिटिव्ह आली नव्हती. जून २००४ मध्ये फ्रेंच पोलिसांनी त्याला बियारित्झजवळ पकडलं, घरात ईपीओच्या वापरलेल्या सिरिंज सापडल्या आणि कोठडीत त्याने कबूल केलं. म्हणजे बोलला तो अंगाशी आल्यावरच. २००३ चं टाइम ट्रायलचं (एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायची रेस) वर्ल्ड टायटल गेलं, दोन वर्षं बंदी. पण नंतर त्याने काय घेतलं, कसं घेतलं, का घेतलं हे सगळं उघड सांगितलं, वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्था) खेळाडू समितीत बसला आणि तरुण रायडर्सशी याच विषयावर बोलत राहिला. कबुली कशी मिळाली यापेक्षा कबुलीनंतर तो माणूस काय करत राहिला, याला मी जास्त वजन देतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खोटं बोलत असताना त्याने खरं बोलणाऱ्यांचं काय केलं? हा एकच प्रश्न विचारायला वेळ असेल तर हाच विचारा.

२००४ च्या टूरची अठरावी स्टेज. फिलिपो सिमेओनी नावाचा इटालियन रायडर, एकूण क्रमवारीत इतका मागे की त्याच्यापासून कोणाला काही धोका नाही, ब्रेकअवेला, म्हणजे पुढे निसटलेल्या छोट्या गटाला, जाऊन मिळायला निघतो. पिवळ्या जर्सीतला, म्हणजे रेसमध्ये आघाडीवर असलेला, आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या मागे जातो. पिवळी जर्सी सोबत आली म्हटल्यावर मागून पाठलाग होणारच, म्हणून ब्रेकअवेवाले वैतागतात, पण सिमेओनी मागे फिरल्याशिवाय हा जायला तयार नाही. शेवटी सिमेओनी मागे येतो, पेलोटनमध्ये शिव्या खातो, आणि आर्मस्ट्राँग कॅमेऱ्यासमोर ओठांवरून चेन ओढल्याची खूण करतो, तोंड बंद. सिमेओनीचा गुन्हा काय तर त्याने आपण ईपीओ घेतल्याचं कबूल करून डॉक्टर मिकेले फेरारीविरुद्ध कोर्टात साक्ष दिली होती, आणि फेरारी हाच आर्मस्ट्राँगचाही डॉक्टर. आर्मस्ट्राँगच्या टीमची मसाज करणारी एमा ओ'रायली खरं बोलली तर तिच्यावर केस ठोकली आणि तिची बदनामी केली. चोर तो चोर वर शिरजोर, दुसरं काय म्हणणार. म्हणून २०१२ मध्ये त्याच्या सातही टूर काढून घेऊन जन्मभराची बंदी घातली ती मला बरोबर वाटते. ईपीओ इतरांनीही घेतलं होतं, पण हे त्यांनी केलं नव्हतं.

पुढे भरपाई. रडून मुलाखत दिली म्हणजे भरपाई नाही. २००६ ची टूर जिंकून डोपिंगमध्ये सापडलेल्या फ्लॉइड लँडिसने मी निर्दोष आहे म्हणत चाहत्यांकडून पैसे गोळा केले, २०१० मध्ये सगळं कबूल केलं आणि २०१२ मध्ये देणगीदारांचे सुमारे ४ लाख ७८ हजार डॉलर परत करायचं मान्य केलं. माणूस तुम्हाला आवडो न आवडो, हे मोजता येतं.

दुसऱ्यांदा सापडला तर माझ्या मते प्रश्न मिटला. रिकार्डो रिको २००८ च्या टूरमध्ये सापडला, बंदी भोगून परत आला आणि २०११ मध्ये मरता मरता वाचला. डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार त्याने फ्रीजमध्ये ठेवलेलं स्वतःचंच रक्त चढवून घेतलं होतं (यानेही लाल पेशी वाढतात). त्यावर बारा वर्षांची बंदी झाली. टॉम डॅनियलसनला आर्मस्ट्राँग प्रकरणात साक्ष दिल्याबद्दल सूट मिळून फक्त सहा महिने बंदी, तेही बरेचसे ऑफ सीझनमधले, आणि २०१५ मध्ये तो पुन्हा डोपिंगमध्ये सापडला. साक्षीदाराला सूट जरूर द्या, पण इतकी स्वस्त नको.

आता निर्णय. इथे बहुतेक लोक चुकतात, कारण ते एकच हो किंवा नाही शोधत बसतात. तुकडे करा. सायकल चालवू द्यायची का? हो, बंदी पूर्ण झाली की द्यायची, नियम म्हणजे नियम. हिरो म्हणून डोक्यावर घ्यायचं का? तो वेगळा प्रश्न. अलेहांद्रो वाल्वेर्देचंच घ्या. ऑपरेशन प्वेर्तो या स्पॅनिश पोलिसांच्या डोपिंग तपासातली १८ नंबरची रक्ताची पिशवी इटलीत डीएनएने त्याच्याशी जुळली, बंदी भोगून तो २०१२ ला परतला, २०१८ ला इन्सब्रुकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि आजवर कबूल केलेलं नाही. त्याला रेस करायचा हक्क होता, टाळ्या मागायचा नव्हता. मी वाजवल्या नाहीत.

आणि टीमचा कारभार हातात द्यायचा का, तर तिथे सगळ्यात कडक राहा. अलेक्झांडर व्हिनोकुरोव २००७ च्या टूरमध्ये दुसऱ्याचं रक्त चढवल्याबद्दल सापडला, कबूल केलं नाही, २०१२ ला ऑलिम्पिक गोल्ड घेतलं आणि लगेच अस्ताना टीमचा बॉस झाला. ब्यार्ने रीसनेही १९९६ ची टूर ईपीओ घेऊन जिंकल्याचं २००७ मध्ये, म्हणजे कित्येक वर्षं टीम चालवून झाल्यावर सांगितलं. ज्याच्या हाताखाली विशीतली पोरं येणार त्याने तीन प्रश्नांची सरळ उत्तरं दिलीच पाहिजेत: काय घेतलं, कोणी दिलं, कधी थांबवलं. तुमच्या ओळखीतलं कोणी पोर युरोपात रेसिंगला जात असेल तर करारावर सही करायच्या आधी मॅनेजरला हेच विचारा, आणि उत्तर देताना तो चिडला तर दुसरी टीम बघा.