शहाळ्याला मिठाची जोड

वेंगुर्ल्यात सागरेश्वरच्या पुळणीवर पळून आलो की दुपारपर्यंत डोकं जड, लघवी गडद पिवळी. शहाळं तर रोज पोटात जात होतं!

उत्तर वजनकाट्यानं दिलं. पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन केलं, तर किलोभर फरक. म्हणजे जवळजवळ १ लिटर घाम. आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता निथळतो. अंग थंड होत नाही, म्हणून आणखी घाम. त्यातून पाण्यासोबत मुख्यतः मिठातलं सोडियम जातं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम त्यामानानं थोडं. मीठ भरून निघालं नाही, तर प्यायलेलं पाणी अंगात टिकत नाही.

आता घटलेल्या किलोमागे सव्वा ते दीड लिटर पाणी, तेही घोटाघोटानं, दोन-तीन तासांत. आणि आल्या आल्या उकड्या तांदळाची गरम पेज. वरचं दाट पाणी, खाली मऊ शितं, मीठ जरा चढं. पाणी, सोडियम आणि स्नायूंतलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) भरून काढणारं पिष्ट, सगळं एका वाडग्यात. याहून चांगलं पेय मला तरी माहीत नाही. (रक्तदाब असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारा.)

जेवणात बांगडा: १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. मासे न खाणाऱ्यांनी कुळथाची पिठी दाट करावी. दुपारचं डोकं जड होणं थांबलंय.