अपील चालू असताना समोरच्याने बांध फोडला तर काय करायचं

बांधाला हात लावायचा नाही असा कोर्टाचा हुकूम असताना, 'अपील टाकलंय, आता तुमची ऑर्डर गेली' असं म्हणत आमच्या चुलत्यांनी चौथ्या शनिवारी बांधावर जेसीबी घातला, कारण कोर्ट बंद. तेव्हा धावपळ करून जे कळलं ते सांगतो, बाकी वकिलाला विचारा.

नुसतं अपील दाखल झालं म्हणून खालच्या कोर्टाचा हुकूम थांबत नाही, वरच्या कोर्टाने स्टे (स्थगिती) दिला तरच थांबतो. म्हणून आधी ई-कोर्ट्सवर (कोर्टाच्या वेबसाइटवर) स्टे आहे का बघा, मग हुकुमाची नक्कल काढा.

आता हुकूम कुठला ते बघा, इथेच लोक चुकतात. निशाणी ५ वरची (म्हणजे दावा चालू असताना त्या अर्जावर मिळालेली) तात्पुरती मनाई मोडली असेल तर ज्या कोर्टाने दिली तिथेच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९ रूल २अ चा अर्ज करायचा, त्यात मालमत्ता जप्ती आणि ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. दाव्याचा निकाल लागून कायमची मनाई मिळाली असेल तर २अ नाही, दरखास्त (निकालाची अंमलबजावणी करून घ्यायचा अर्ज) टाकायची, ऑर्डर २१ रूल ३२. डायरेक्ट हायकोर्टात १९७१ च्या कायद्याखाली कंटेम्प्ट (कोर्टाचा अवमान) पण होतो, ६ महिने कैद नाहीतर २००० रुपये दंड किंवा दोन्ही, पण खाली उपाय असेल तर बरेचदा तिकडेच जा म्हणतात. आणि कंटेम्प्टला १ वर्षाची मुदत आहे हे विसरू नका.

खरं काम पुराव्याचं. समोरच्याला हुकूम माहीत होता आणि मुद्दाम मोडला, हे दोन्ही दाखवावं लागतं, त्यामुळे बेलिफाचा (हुकूम बजावणाऱ्या कोर्टाच्या माणसाचा) रिपोर्ट किंवा त्याचा वकील त्या दिवशी हजर होता ही रोजनाम्यातली (कोर्टाच्या रोजच्या नोंदवहीतली) नोंद काढून ठेवा. फोटो काढताना जेसीबीचा नंबर आणि मागे विहीर, लिंबाचं झाड असं काहीतरी न हलणारं दिसलं पाहिजे, नुसत्या मातीच्या ढिगाचा फोटो कुठलाही असू शकतो. फोटो मोबाईलमधून उडवू नका, नवीन साक्ष कायद्याच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं. मी माझ्याच हद्दीत काम केलं हे उत्तर तर ठरलेलंच, म्हणून जुना मोजणीचा नकाशा लावा आणि कोर्ट कमिशनर (जागेवर जाऊन पाहणी करणारा कोर्टाचा माणूस) मागा.

अर्जात नुसती शिक्षा मागू नका, बांध पूर्ववत करून द्या हे पण लिहा, कारण समोरचा माफी मागून मोकळा होतो आणि बांध तसाच पडलेला राहतो.

आणि हुकूम 'जैसे थे' असेल तर तो तुम्हालाही लागू असतो. आम्ही सोमवारी रागाच्या भरात स्वतःच दगड रचून बांध घातला, पुढच्या तारखेला त्यांचा आमच्यावर उलटा अर्ज.