खड्ड्यातून काढलं की आधी चिठ्ठी

गेल्या वर्षी नांगरट झाल्यावर जमिनीतला धातू शोधायचं मशीन (मेटल डिटेक्टर) घेऊन आमच्याच शेतात उतरलो आणि दुपारपर्यंत सतरा वस्तू गावल्या. त्या सगळ्या कुंद्याच्या एका रिकाम्या डब्यात टाकल्या. त्या डब्याचे भोग अजून संपलेले नाहीत. यंदा नांगरट व्हायच्या आत ही यादी लिहून ठेवतोय, कुणाला उपयोग झाला तर बघा.

परवानगीचं थोडक्यात. शेत आपलं नसेल तर मालकाचा होकार कागदावर घ्या, नुसती मान हलवलेली चालत नाही. बेळगावचा किल्ला, कित्तूर, हलशीची देवळं यांच्या आसपास मशीन बॅगेतून बाहेरही काढू नका. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बंदी आणि त्यापुढच्या 200 मीटरवर निर्बंध असतात. कर्नाटकात निखात निधीचा 1962 चा वेगळा कायदा आहे. पुरलेला ठेवा गावला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, घरी आणून धुवायचं नाही. शिवाय शंभर वर्षं ओलांडलेल्या वस्तूला 1972 चा पुरावस्तू कायदा लागू होतो, त्यामुळं विकायचा विचार आत्ताच सोडा.

खुरपं, पाणी, टोपी, चार्ज केलेल्या बॅटऱ्या यावर काय लिहायचं? खानापूरकडच्या तांबड्या जांभ्या मातीत लोह इतकं की मशीन सारखं कलकलतं, तेव्हा दर बांधाला ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीप्रमाणं मशीनची जुळणी, पुन्हा करा. बैलहोंगलकडची काळी माती वस्तूला चिकटून येते. तिथं ढेकूळ तसंच बाजूला काढा, जागेवर फोडत बसू नका.

आता चिठ्ठ्या. सराफाकडं मिळतात तसली झिपची छोटी पाकिटं पन्नास, कागदाचे कापलेले तुकडे पन्नास आणि शिसपेन्सिल. पेन नको, ओल्या पाकिटात शाई फुटते. वस्तू खड्ड्यातून वर आली की आधी खड्ड्याशेजारी ठेवून फोटो, मग पाकीट, मग चिठ्ठी. चिठ्ठीवर शेताचं नाव, विहिरीपासून किंवा बांधापासून किती पावलं, किती खोल आणि शेजारी अजून काय होतं एवढं हवं. 'संध्याकाळी लिहू' म्हणणाऱ्यांनी माझा डबा येऊन बघावा.

त्या डब्यात खांद्यावर लावायचा, पलटणीचा तीन आकडी नंबर असलेला एक पितळी बिल्ला होता. घरी आल्यावर तो चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवला, देवाची भांडी अशीच तर लखलखतात. जमिनीत मुरलेल्या पितळेतला जस्त निघून गेलेला असतो आणि ते बिस्किटासारखं ठिसूळ होतं. सकाळी नंबरातले पहिले दोन आकडे, 11, एवढंच हातात राहिलं, तिसऱ्या आकड्याचा तळाशी भुगा. 1903 ते 1922 मध्ये मराठ्यांच्या पलटणींचे आकडे 103, 105, 110, 114, 116, 117 असे होते. म्हणजे 11 नं सुरू होणाऱ्या चार पलटणी उरल्या. आमचे पणजोबा पलटणीत होते, म्हणून काकांना बिल्ला दाखवला. काका म्हणाले, "घरामागं परड्यात गावला असंल तर त्यांचाच की रे. गाडीवाटेवर गावला असंल तर कुणाचा बी. कुठं गावला?" मला सांगता आलं नाही. परड्यातल्या आणि गाडीवाटेवरच्या वस्तू एकाच डब्यात होत्या. चिंचेनं एक आकडा खाल्ला, पण चिठ्ठी असती तर तेवढ्यावरही भागलं असतं.

चिठ्ठी घातली? मग पुढचा सिग्नल.

अख्खं काडतूस, म्हणजे टोकाला गोळी असलेलं, दिसलं तर हात लावू नका. खूण करून मागं या आणि 112 ला फोन करा. रिकाम्या पुंगळीच्या बुडावरची इंग्रजी अक्षरं वाचायला भिंग लागतं, म्हणून भिंग घ्या. तिथं KF ही अक्षरं असली तर ती पुंगळी खडकीच्या कारखान्याची. शिशाची जड गोळी, सतरा-अठरा मिलिमीटरची आणि तीसेक ग्रॅमची असेल तर जुन्या बंदुकीची समजा. तिच्यावरचा पांढरा थर खरवडू नका, हात साबणानं धुवा.

नाण्यांना काटा लागतो, दोन दशांशाचा. अक्षरं गेली तरी वजन बरंचसं सांगून जातं. चांदीचा रुपया 11.66 ग्रॅम, तांब्याचा जुना पाव आणा 6.47, 1906 पासूनचा काशाचा 4.86. गंजानं थोडा फरक पडतो. राणीच्या नावापुढं 'क्वीन' असेल तर 1876 पर्यंतचं, 'एम्प्रेस' असेल तर 1877 पासूनचं. रुपयावर 1862 दिसलं म्हणून तो त्याच वर्षीचा होत नाही, तेच साल ठेवून पुढं बरीच वर्षं पाडत होते. भोकाचा पैसा 1943 ते 1947 चा. 'श्री राजा शिव' वाचता आलं तर ती शिवराई, कंपनीच्या राज्यातही ती बाजारात चालत होती. वजन धुण्याआधी करा आणि त्याच चिठ्ठीवर लिहा. हो, चिठ्ठीवर.

धुणं. बोअरचं पाणी नको, त्यात क्षार असतात. बॅटरीत घालायचं पाणी आणा आणि प्रत्येक वस्तूला वेगळी वाटी घ्या. वाटीखाली चिठ्ठी. लोखंड आणि तांबं एका पाण्यात कधीच नको, माझ्या एका पैशावर खिळ्याचा तांबडा डाग कायमचा बसलाय. दोन-तीन दिवस पाणी बदलत राहा, मग बाभळीच्या काट्यानं किंवा दातकोरणीनं माती हळू उचला. चिंच, लिंबू, व्हिनेगर, राख, भांड्यांची पावडर यातलं काहीही नको. गुळगुळीत गडद हिरवा थर ही नाण्याची कातडी आहे, ती ठेवा. फिकट पोपटी भुकटी सुटत असेल तर तो रोग, ते नाणं कोरडं करून एकटं ठेवा. चांदी नुसती धुवा, चमक नको.

लोखंडाचे नाल, खिळे वगैरे कोरड्या ब्रशनं झाडा आणि सोडून द्या.

ठेवताना बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. चिठ्ठी पाकिटाच्या आत, झाकणावर चिकटवलेली नको. आमच्याकडं झाकणं लोणच्याच्या बरण्यांना जातात.