घडी न विस्कटता लिनक्स डिस्ट्रो कशी बदलावी

गेल्या काही वर्षांत मी उबुंटू या लिनक्स डिस्ट्रोवरून (डिस्ट्रो म्हणजे लिनक्सवर आधारलेली तयार कार्यप्रणाली) फेडोरावर, तिथून पुन्हा उबुंटूवर आणि शेवटी डेबियनवर आलो. प्रत्येक वेळी प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन अर्ध्या तासात उरकले. दिवस गेले ते आपलेच सामान नेमके कुठे ठेवले होते, हे शोधण्यात.

आधी डिस्ट्रो बदलण्याचे कारण तपासावे. केवळ पडद्याचे रूप आवडत नसेल, तर आहे त्याच डिस्ट्रोवर केडीई प्लाझ्मा किंवा एक्सएफसीई असा वेगळा डेस्कटॉप इन्स्टॉल करून भागते (माझी पहिली उडी या एका वाक्याने वाचली असती). फेडोराची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि तिला सुमारे १३ महिनेच अपडेट मिळतात. उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ पाठबळाची) आवृत्ती दर दोन वर्षांनी येते व तिला पाच वर्षे पाठबळ असते. त्यामुळे सतत अपग्रेड करण्याचा कंटाळा असणाऱ्याने एलटीएस किंवा डेबियनकडे, आणि अगदी नवा लॅपटॉप असणाऱ्याने ताज्या कर्नलसाठी (म्हणजे हार्डवेअर हाताळणाऱ्या गाभ्यासाठी) फेडोराकडे पाहावे.

नव्या डिस्ट्रोची आयएसओ (इन्स्टॉलेशनची) फाइल उतरवल्यावर तिचा एसएचए२५६ चेकसम, म्हणजे फाइल बिघडलेली नाही हे पडताळणारा आकडा, जुळवावा आणि पेन ड्राइव्हवरून लाइव्ह स्वरूपात, म्हणजे इन्स्टॉल न करता, तासभर काम करून पाहावे. वाय-फाय, आवाज आणि लॅपटॉपचे झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर पडदा जागा होतो की नाही, एवढे तरी तपासावेच. डेबियनसाठी फर्मवेअर (वाय-फायसारख्या उपकरणांना लागणारे सॉफ्टवेअर) वेगळे उतरवावे, असा सल्ला जुन्या लेखांत आढळतो. जून २०२३ मधील डेबियन १२ पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच असते.

बॅकअप घेताना संपूर्ण होम फोल्डर (आपल्या फाइली व सेटिंग्ज असलेला), टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलींसह, आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने एक्स्ट४ या लिनक्सच्या स्वरूपाच्या डिस्कवर उतरवावा, कारण एक्सफॅट डिस्कवर फाइलींची मालकी व परवानग्या टिकत नाहीत.

मी सर्वांत जास्त अडखळलो तो फायरफॉक्सपाशी, आणि त्यात चूक माझीच होती. उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅपच्या (उबुंटूच्या स्वतंत्र पॅकेज प्रकाराच्या) रूपात येतो, त्यामुळे त्याचे प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड वगैरेंचा फोल्डर, नेहमीच्या मोझिला फोल्डरमध्ये नसून होममधील स्नॅप फोल्डरच्या आत असते. मी सवयीने फक्त मोझिला फोल्डर उचलला आणि डेबियनवर सगळे बुकमार्क गायब दिसले. स्नॅपमधले प्रोफाइल आणल्यावर दुसरी अडचण उभी राहिली: डेबियनमधला फायरफॉक्स ईएसआर (दीर्घकाळ पाठबळाच्या) शाखेचा, म्हणजे जुन्या आवृत्तीचा असतो, आणि नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल जुनी आवृत्ती उघडत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये आणि पासवर्ड सीएसव्ही फाइलमध्ये निर्यात करावेत (ही दुसरी फाइल काम होताच पुसावी), किंवा मोझिलाच्या स्वतःच्या एपीटी भांडारातून (डेबियनला पॅकेजे पुरवणाऱ्या सर्व्हरवरून) ताजा फायरफॉक्स घेऊन तेच प्रोफाइल चालवावे.

इन्स्टॉलरमध्ये पार्टिशन (डिस्कचे भाग) स्वतः निवडण्याचा पर्याय घ्यावा. होम वेगळ्या पार्टिशनवर असेल, तर फक्त रूट, म्हणजे कार्यप्रणालीचे पार्टिशन, फॉरमॅट करावे. होम केवळ माउंट करावे, म्हणजे न पुसता जोडावे. विंडोजही ठेवायचे असेल, तर ईएफआय पार्टिशन (संगणक सुरू करणाऱ्या फाइलींचे) फॉरमॅट करण्याच्या खुणेला हात लावू नये. वापरकर्त्याचे नाव पूर्वीचेच द्यावे. या तिन्ही डिस्ट्रोंत पहिल्या वापरकर्त्याला १००० हाच वापरकर्ता-क्रमांक मिळत असल्याने फाइलींची मालकी सहसा आपोआप जुळते. फेडोरावरून निघणाऱ्यांनी मात्र सावध राहावे: २०२० मधील फेडोरा ३३ पासून तिथे मुळात बीटीआरएफएस ही फाइल प्रणाली असते आणि होम हे स्वतंत्र पार्टिशन नसून रूटसोबत एकाच पार्टिशनमधील सबव्हॉल्यूम (आतला उपविभाग) असते. तिथे रूट फॉरमॅट करणे म्हणजे होमही पुसणे, तेव्हा बॅकअपवरून परत आणण्याचाच मार्ग धरावा.

जुन्या डेस्कटॉपच्या सेटिंग्ज नव्यावर लादल्या की पॅनेल व थीम यांची खिचडी होते. म्हणून पहिल्यांदा लॉग-इन करण्यापूर्वी होममधील लपलेल्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फोल्डरचे नाव बदलून ठेवावे आणि मग लिब्रेऑफिससारख्या एकेका प्रोग्रॅमचे उपफोल्डर गरजेप्रमाणे परत आणावे.

मराठी लिहिणाऱ्यांनी लोहित देवनागरी फॉन्ट आणि आयबस या टंकलेखन प्रणालीचे एम१७एन पॅकेज लगेच इन्स्टॉल करावे. त्या पॅकेजात कळफलकाच्या इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण) व फोनेटिक (उच्चारानुसारी) अशा दोन्ही मांडण्या मिळतात. त्यानंतर एकदा लॉग-आउट करावे, नाहीतर नवा कळफलक यादीत दिसत नाही आणि आपण उगाचच पॅकेज पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतो.