‘कमांड नॉट फाउंड’ दिसलं म्हणून पायथन पुन्हा इन्स्टॉल करू नका : पाथच्या या चुका टाळा

गोव्यात फर्मागुडीपासून पेडण्यापर्यंत प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांच्या लॅपटॉपवर एकच गोष्ट सारखी दिसते. व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे एका प्रोजेक्टपुरता पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा वेगळा संच, चालली नाही की पायथन पुन्हा इन्स्टॉल होतो, मग आणखी एकदा, आणि शेवटी त्याच्या तीन-चार प्रती मशीनवर नांदू लागतात. मूळ अडचण तशीच राहते, वर नवीन तयार होते. म्हणून काहीही इन्स्टॉल करण्याआधी एवढंच विचारा : आत्ता नेमका कुठला पायथन चालतोय?

पाथ ही फोल्डरांची यादी, तुम्ही लिहिलेल्या कमांडचा प्रोग्राम याच फोल्डरांत शोधला जातो. लिनक्स आणि मॅकवर दोन फोल्डरांमध्ये कोलन असतो, विंडोजवर सेमीकोलन. शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) ही यादी पहिल्यापासून तपासत जातं आणि त्या नावाचा जो प्रोग्राम आधी सापडेल तोच चालवतं. म्हार्दोळात जाऊन नुसतं ‘नायकांचं घर कुठं?’ विचारलं तर वाटेत पहिले लागणारे नायकच दाखवले जातील, तसंच हे. एन्व्हायर्न्मेंट ॲक्टिव्हेट करणं म्हणजे तिचं ‘बिन’ फोल्डर (विंडोजवर ‘स्क्रिप्ट्स’) या यादीत सगळ्यात पुढं बसवणं. त्यात फारशी जादू नाही.

लिनक्सवर ‘व्हिच -ए पायथन३’ लिहिलं की सापडलेल्या सगळ्या प्रती क्रमाने दिसतात. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘व्हेअर’ हे दुसऱ्याच कमांडचं टोपणनाव आहे, तिथं ‘व्हेअर.ईएक्सई पायथन’ असं पूर्ण लिहा. उत्तरात ‘विंडोजॲप्स’ फोल्डर पहिलं आलं आणि पायथन लिहिल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं, तर सेटिंग्जमधल्या ‘ॲप एक्झिक्युशन एलिअसेस’मध्ये पायथनची बटणं बंद करा. पायथनच्या नेहमीच्या विंडोज इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर पाथमध्ये जोडण्याचा चौकोन असतो, त्यात आपोआप टिक केलेली नसते. बहुतेक जण तो न बघताच पुढे जातात.

लिनक्स-मॅकवर ॲक्टिव्हेटची फाइल इतर स्क्रिप्टसारखी चालवणं ही दुसरी चूक. तशी चालवली तर ती वेगळ्या शेलमध्ये पाथ बदलते, ते शेल लगेच संपतं आणि तुमच्यासमोर काहीच बदललेलं नसतं. ‘सोर्स’ लिहून मगच फाइलचा पत्ता द्यायचा, म्हणजे ती तुमच्याच शेलमध्ये चालते. एन्व्हायर्न्मेंट बनवणारी ‘एमकेव्हर्च्युअलएन्व्ह’ कमांड सापडत नाही, ही तक्रारही याच जातीची. व्हर्च्युअलएन्व्हरॅपर या मदतनीस टूलची ती कमांड म्हणजे प्रोग्रामची फाइल नव्हे, शेलमधलं फंक्शन आहे. पाथ कितीही वाढवला तरी ते सापडणार नाही. व्हर्च्युअलएन्व्हरॅपरची शेल फाइल ‘बॅशआरसी’मधून (बॅश हे शेल सुरू होताना वाचतं ती फाइल) सोर्स करावी लागते. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून नवीन खात्यांना बॅशऐवजी झेडशेल मिळतं, तिथं हीच ओळ ‘झेडशआरसी’त जाते.

सर्वात फसवी चूक म्हणजे एन्व्हायर्न्मेंट हलवणं. लॅबमधलं अख्खं प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर घालून डिचोलीला घरी न्यायचं, किंवा नुसतं फोल्डरचं नाव बदलायचं. ॲक्टिव्हेटच्या फाइलमध्ये जुना पूर्ण पत्ता कोरलेला असतो. त्यामुळे प्रॉम्प्टवर (कमांड लिहायच्या ओळीच्या सुरुवातीला) एन्व्हायर्न्मेंटचं नाव कंसात ऐटीत दिसतं, पण पाथमध्ये पुढं बसलेलं फोल्डर आता अस्तित्वातच नसतं आणि शेल गुपचूप सिस्टिमचा पायथन उचलतं. कंसातल्या नावावर विश्वास ठेवू नका. एन्व्हायर्न्मेंट न्यायची नसतेच. पिप हे पायथनची पॅकेजं (तयार कोडचे संच) इन्स्टॉल करणारं टूल. ‘पिप फ्रीझ’ने पॅकेजांची यादी फाइलमध्ये काढा, ती फाइल न्या, घरी ‘पायथन३ -एम व्हेन्व्ह’ने नवी एन्व्हायर्न्मेंट तयार करा आणि यादीतली पॅकेजं तिच्यात घाला.

नुसतं ‘पिप’ लिहिण्याऐवजी ‘पायथन -एम पिप’ लिहायची सवय लावा, म्हणजे पॅकेज त्याच पायथनमध्ये जातं. ‘सुडो पिप’, म्हणजे सिस्टिमच्या ॲडमिनच्या अधिकाराने पिप चालवणं, मात्र नको. सुडो बहुधा स्वतःचा सुरक्षित पाथ वापरतं, त्यामुळे एन्व्हायर्न्मेंट चालू असूनही पॅकेज सिस्टिममध्ये जातं किंवा, डेबियन या लिनक्सच्या १२ पासूनच्या आवृत्त्यांवर, ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून अडवलं जातं. तो अडथळा तुमच्या भल्यासाठी आहे, तो मोडणारे उपाय वापरू नका.

पाथ ठीक आहे, पॅकेज आत आहे, तरी जुनंच टूल चालतंय? बॅश कमांडची जागा लक्षात ठेवतं. ती विसरायला लावण्यासाठी ‘हॅश -आर’ लिहा.

आणि ‘बॅशआरसी’त पाथ लिहिताना जुना पाथ जोडायचा राहिला, तर फोल्डरातल्या फाइली दाखवणारं ‘एलएस’सुद्धा सापडेनासं होतं. घाबरू नका, फाइली कुठं गेलेल्या नसतात. त्याच टर्मिनलमध्ये पाथला तात्पुरती ‘/यूएसआर/बिन:/बिन’ ही किंमत द्या, एडिटर उघडा, ती ओळ दुरुस्त करा आणि नवीन टर्मिनल उघडून तपासा.